शिकाऱ्यांनी मागून घेतलेला कर

कर माफ करा म्हणून सरकारदरबारी खेटे घालणारे पुष्कळ सापडतील. आमच्यावर कर बसवा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागणारे विरळा. अमेरिकेतल्या रानबदकांच्या शिकाऱ्यांनी हा उद्योग केला आणि त्यातून एक तिकीट जन्माला आलं. तिकडे त्याला ‘डक स्टॅम्प’ म्हणतात. ते पोस्टात मिळतं, पण पाकिटावर लावून चालत नाही. आपल्याकडे भाडेपावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावर आडवी सही ठोकतात, त्याच जातीचा हा प्रकार. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या शिकाऱ्याने तिकीट घ्यायचं, कागदी असेल तर त्यावर शाईने सही करायची आणि मगच बंदूक खांद्याला लावायची. सही नसेल तर कागदी तिकीट असून नसल्यासारखं.

तिकिटाचं जन्मसाल १९३४. कुळ मात्र त्याच्या बरंच मागे, थेट बाजारापर्यंत जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आणि बर्फ या दोन सोयी झाल्या आणि दलदलीतलं बदक शेकडो मैलांवरच्या हॉटेलात ताजं पोहोचू लागलं. चेसापीक उपसागरातल्या कॅनव्हासबॅक बदकाला तर पूर्वेकडच्या शहरांत मोठा भाव होता. धंदेवाईक शिकारी सपाट होडीच्या नाळेवर तोफेएवढी बंदूक बसवत, रात्री पाण्यावर निजलेल्या थव्याच्या जवळ सरकत आणि एका बारात डझनावारी पक्षी लोळवत. हौशी शिकाऱ्यांना हे खुपलं. खुपण्यात पक्ष्यांचा कळवळा होता, तसाच आपल्या वाट्याचं पाखरू दुसरा नेतो हा रागही होता. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल स्वतः शिकारी. शिकारीचा पक्षी विकण्यावरच बंदी घाला, असा धोशा त्यांनी १८९४ पासून लावला. म्हणजे हौशी शिकाऱ्याच्या हक्काची पहिली मागणी होती ती पोटासाठी शिकार करणाऱ्याचा हक्क काढून घेण्याची. हे या कुळातलं जुनं पाप म्हणा किंवा पुण्य. मला दोन्ही वाटतं.

पुढची अडचण पंखांची होती. बदक कॅनडात अंडी घालतं, डाकोटात उतरतं, लुइझियानात हिवाळा काढतं. मग त्याच्यावर हुकूम कोणाचा? १९१३ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा हात घातला, तोही चोरपावलांनी: स्थलांतरी पक्ष्यांचं कलम शेतीखात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलं होतं आणि मावळते अध्यक्ष टाफ्ट यांनी ते न वाचताच सही केली, असं म्हणतात. कायदा कोर्टात टिकेना, म्हणून १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये त्यावर कायदा उभा राहिला. १० मार्च ते १ सप्टेंबर शिकार बंद. मिसुरी राज्याला हे झोंबलं, कारण तिथले शिकारी वसंतातल्या परतीच्या थव्यांवर टपून असत. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं: आमच्या हद्दीतले पक्षी आमचे. १९२० मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद सोपा होता: जो पक्षी काल इथे आलेला नव्हता आणि आठवड्याभरात हजार मैलांवर असेल, त्याच्यावर मालकी कसली सांगता?

आता कायदा होता, पण पाणी नव्हतं. गव्हासाठी आणि मक्यासाठी दलदली उपसून कोरड्या केल्या जात होत्या. उरल्यासुरल्या चांगल्या जागा श्रीमंतांच्या क्लबांनी घेऊन ठेवल्या. गावातल्या दुकानदाराने किंवा सुताराने बंदूक घेऊन जायचं कुठे? इथे तिकिटाचं बीज पडलं. केंद्राचे मुख्य शिकार-रक्षक जॉर्ज लॉयर यांनी सुचवलं की प्रत्येक शिकाऱ्याकडून एक डॉलर घ्या, पोस्टातून तिकीट विका, त्या पैशातून दलदली विकत घ्या. काही भाग पक्ष्यांना अभय म्हणून ठेवा, काही सर्वांना शिकारीसाठी मोकळा. १९२१ मध्ये हे विधेयक संसदेत आलं. पाठीशी होती ‘अमेरिकन गेम प्रोटेक्टिव्ह असोसिएशन’. ही संस्था बंदूक-काडतूस कारखानदारांच्या पैशावर १९११ मध्ये उभी राहिलेली. तिचे प्रमुख जॉन बर्नहॅम गावोगावच्या शिकाऱ्यांना सांगत फिरले की डॉलर द्या आणि जागा मिळवा.

विरोध दोन टोकांकडून झाला. राज्यांच्या अधिकारांचे कैवारी म्हणाले, आज तिकीट मागाल, उद्या दिल्लीच्या, म्हणजे तिकडच्या वॉशिंग्टनच्या, शिपायाला आमच्या शेतात धाडाल. दुसरीकडून तुटून पडले विल्यम हॉर्नडे. ब्राँक्सच्या प्राणिबागेचे हे पहिले संचालक एकेकाळी स्वतः बायसन मारून आलेले; म्हातारपणी शिकाऱ्यांचे कट्टर वैरी झाले. अभयारण्याच्या नावाखाली सरकारी खर्चाने खाटीकखाना काढताय, असा त्यांचा सूर. आधी रोज किती पक्षी मारायचे ती मर्यादा खाली आणा, मग जागांचं बोला. बंदूक कारखान्यांच्या पैशाकडे त्यांनी बोट दाखवलं ते काही उगाच नव्हे. १९२९ मध्ये अखेर कायदा झाला, पण तिकीटही गळलं आणि शिकारीची मोकळी जागाही. अभयारण्यं करायची, पैसा संसद दरवर्षी देईल तेवढा. आणि वर्षअखेरीस शेअर बाजार कोसळला.

मग दुष्काळ. १९३०च्या दशकात उत्तरेकडची तळी भेगाळली, बदकं आणखी कमी झाली. जानेवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिघांची समिती नेमली: संपादक थॉमस बेक, वनतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड आणि आयोवातले व्यंगचित्रकार जे नॉरवुड डार्लिंग. डार्लिंग ‘डिंग’ या सहीने चित्रं काढत. पुलित्झर पारितोषिक मिळालेलं, पक्के रिपब्लिकन, रूझवेल्ट यांच्या धोरणांची रोज टर उडवणारे, आणि बदकांचे शिकारी. रूझवेल्ट यांनी त्यांनाच मार्चमध्ये पक्षी-प्राण्यांच्या खात्याचं प्रमुख केलं. १६ मार्चला तिकिटाचा कायदा सही होऊन आला. तेरा वर्षं रखडलेली गोष्ट दुष्काळाने काही आठवड्यांत घडवली.

तिकिटावर चित्र काय असावं? डार्लिंग यांनी नमुन्यादाखल पटकन काही रेखाटनं केली, परटाकडून आलेल्या शर्टात घालतात त्या पुठ्ठ्यावर, असं सांगतात. हाताखालच्या एका अधिकाऱ्याने त्यातलंच एक उचलून छापखान्यात नेलं आणि डार्लिंग चरफडत राहिले. पाण्यावर उतरणारी मॅलार्ड नर-मादीची जोडी. २२ ऑगस्टला तिकीट विक्रीला आलं. किंमत एक डॉलर, पहिल्या वर्षी खप ६,३५,००१. मंदीत डॉलर ही लहान रक्कम नव्हती. दुसऱ्या वर्षी खप ४,४८,२०४ वर घसरला. डार्लिंग यांच्या खात्याने तेव्हा हंगाम तीस दिवसांवर आणला होता, पाळीव बदकं बांधून रानबदकांना भुलवण्यावर आणि दाणे टाकून त्यांना जमवण्यावर बंदी घातली होती. करासाठी भांडलेले शिकारी आता नियमांवरून भांडू लागले.

याच काळातला एक किस्सा डार्लिंग रंगवून सांगत. दक्षिण डाकोटाचे सेनेटर पीटर नॉरबेक यांना पाणपक्ष्यांसाठी साठ लाख डॉलर हवे होते. सभागृहात उभं राहून त्यांनी कवळी काढून ठेवली आणि आपल्या नॉर्वेजियन हेलात पुटपुटत दुरुस्ती मांडली. कोणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी हो म्हटलं. मासेमारीला गेलेल्या रूझवेल्ट यांनीही बघितल्या-न-बघितल्यासारखी सही केली. टाफ्ट, मग रूझवेल्ट: अमेरिकन बदकांचं बरंचसं भलं न वाचता केलेल्या सह्यांनी झालं, असं म्हणायला हरकत नाही.

डार्लिंग १९३५ अखेर खात्यातून बाहेर पडले. तिकीट टिकलं, आणि त्याबरोबर त्यातला सौदाही. १९४९ मध्ये किंमत दोन डॉलर झाली. त्याच दुरुस्तीने अभयारण्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जागा शिकारीला उघडण्याची मुभा दिली. १९५८ मध्ये तिकीट तीन डॉलरचं ठरलं आणि ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर गेली. १९२९ मध्ये गळलेली मोकळी जागा दुप्पट-तिप्पट पैशाने परत आली. संघटनांचा युक्तिवाद तेव्हापासून बदललेला नाही: दलदलीचं बिल आम्ही भरतो, तेव्हा दलदलीत आमचा शब्द चालला पाहिजे. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. जमणाऱ्या दर डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट थेट जागेवर खर्च होतात, आणि आजवर साठ लाख एकरांहून जास्त पाणथळ या पैशातून राखली गेली. २०१५ पासून तिकीट पंचवीस डॉलरला आहे. तरीही या युक्तिवादात मला एक खोच दिसते. होम्स यांनी राज्याला नाकारलेली मालकी इथे पावतीच्या वाटेने मागितली जाते.

चित्राची स्पर्धा १९४९ पासून सर्वांना खुली झाली. रोख बक्षीस नाही, पण विजेत्याची चित्रं हजारोंनी खपतात. मिनेसोटाचे तीन हौटमन बंधू आळीपाळीने ती जिंकत आले आहेत. १९५९ च्या तिकिटावर तर बदकाऐवजी मुख्य जागा ‘किंग बक’ नावाच्या कुत्र्याला मिळाली, तोंडात मॅलार्ड धरलेल्या. २०२० मध्ये सरकारने फर्मान काढलं की प्रत्येक चित्रात शिकारीची खूण हवीच. चित्रकारांनी पाण्याकडेला रिकामी काडतुसं, तरंगती फसवी बदकं रंगवली. पुढच्याच वर्षी नियम मागे घेतला गेला.

त्या फर्मानामागे एक धास्ती होती. तिकीट घेणाऱ्यांत आता दुर्बीणवाले वाढताहेत. १९७०-७१ मध्ये खप चोवीस लाखांवर गेला होता, आज त्याहून बराच कमी आहे, आणि शिकारी म्हातारे होताहेत. ज्या अभयारण्यांना प्रवेशशुल्क आहे तिथे हे तिकीट वर्षभराचा पास म्हणून चालतं. न्यू जर्सीतली आपली मराठी मंडळी अटलांटिक सिटीजवळच्या फोर्सिथ अभयारण्यात हिवाळ्यात हंस पाहायला जातात, त्यांनाही ते दाखवून गाडी आत नेता येते. पक्षीनिरीक्षकांच्या संघटना आपल्या सदस्यांना तिकीट घ्यायला सांगतात. पण अनेकांचा हात आखडतो: पैसे आपले, आणि हिशेबात नाव शिकाऱ्यांचं लागणार. मग आमच्यासाठी वेगळं तिकीट काढा, अशी मागणी अधूनमधून उठते. बंदूक न उचलणाऱ्यांनीही आता तोच दावा सुरू केला आहे, की आमच्याकडून पैसे घ्या आणि आम्हाला विचारा.