शेवाळाचा हिशेब

आजचा विषय वाचून दोघातिघांनी फोन केला. 'सर, तत्त्वज्ञान शिकवून दमलात, म्हणून आता मासे पाळायला लागलात का?' खरं सांगायचं तर मासे आमचे नव्हेत. नातू शिकायला परदेशी गेला आणि त्याची दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या दिवाणखान्यात राहिली. जाताना म्हणाला, 'आजोबा, फक्त हे दोन क्लाउनफिश सांभाळा.' तीन महिन्यांत टाकीतले खडक हिरव्या, केसाळ शेवाळानं असे झाकून गेले की मासे शोधावे लागत.

आम्ही ते ओढून काढलं, ब्रशनं घासलं. आठवड्यात पुन्हा तेवढंच. मग एका दुकानातून औषध आणून ओतलं. शेवाळ मेलं, पण ते टाकीतच कुजलं, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपला, आणि सकाळी दोनांपैकी एक मासा तळाशी पडलेला दिसला. नातवाला ते सांगायला आम्हाला चार दिवस लागले. त्यानंतर आम्ही या प्रश्नाचा इतिहास वाचायला बसलो.

इतिहास काय सांगतो? सुरुवात लंडनमध्ये होते. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1850 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात गोड पाणी, दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देणार, मासे तो घेणार. पण जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननं त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली आणि भांडं सावरलं. म्हणजे बघा, मत्स्यटाकीचा जन्म होतानाच ही तक्रार तिच्यासोबत जन्मली, आणि पहिला सफाई कामगारही.

पुढे फिलिप हेन्री गॉस यानं समुद्र घरात आणला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, त्यामागे तो होता. 1854 मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. तेव्हा विजेचा पंप नव्हता. समुद्रकिनाऱ्यावरून खडकाच्या कपच्यांसकट आणलेलं शेवाळ हेच गॉसच्या टाकीचं फुप्फुस होतं. ज्याला आज आम्ही उपद्रव म्हणतो, त्याच्या भरवशावर हा छंद उभा राहिला! पण लोकांनी टाक्या खिडकीत ठेवल्या, ऊन लागलं, आणि पाण्याचं हिरवं सार झालं. विल्यम अल्फर्ड लॉइड या जाणकारानं यावर उपाय काढला : मोठा हौद अंधारात ठेवायचा आणि त्यातलं पाणी टाक्यांमधून सतत फिरवायचं. 1871 च्या सुमारास क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय याच तत्त्वावर उभं राहिलं.

पुणेकराला इथे कात्रजची आठवण व्हायला हवी. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत बंदिस्त, भुयारी नळ आणला. गाळ आधी तलावाकडेच खाली बसवायचा आणि मग पाणी अंधारातून न्यायचं. ते शेवाळासाठी केलं असं आमचं म्हणणं नाही. पण अंधारात शेवाळ वाढत नाही, हा लाभ त्या बांधणीत आपोआप होता.

तरी अंधार हे अर्धंच उत्तर आहे. प्रकाशाबरोबर अन्नही लागतं. शेवाळाचं अन्न मुख्यतः नत्र आणि स्फुरद. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञानं समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं सरासरी प्रमाण 106 : 16 : 1 असतं, हे दाखवून दिलं. म्हणजे चिमूटभर स्फुरदावर कितीतरी पट कर्बाचं हिरवं अंग उभं राहतं.

आता मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेव्हा समोर मरीन ड्राइव्हचा समुद्र होता. पुण्यात समुद्र पाकिटातून येतो : लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. त्यामुळे पुण्याच्या टाकीत जे काही आहे, ते कुणीतरी स्वतःच्या हातानं घातलेलं असतं. आमच्याकडे कुणी घातलं? आम्हीच. नळाचं पाणी तसंच ओतलं, त्यात थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आलं. मासे भुकेले दिसतात म्हणून दिवसातून चारदा खाद्य टाकलं. शेवाळ आमच्या मायेची पावतीच देत होतं.

मग उपाय बदलले. आरओचं, आणि पुढे उरलेले क्षारही काढलेलं पाणी. खाद्य दिवसातून एकदाच, गोठवलेलं असेल तर आधी धुऊन. दिवा आठ तास. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल, आणि त्याच वेळी शेवाळ हातानं उपटून टाकीबाहेर. दोनचार समुद्री गोगलगायी, वॉरिंग्टनला स्मरून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाजूच्या कप्प्यात मुद्दाम वाढवलेलं शेवाळ! अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980 च्या दशकात ही युक्ती रुजवली : जाळीवर, दिव्याखाली शेवाळ वाढू द्या आणि खरवडून फेका, त्याच्यासोबत नत्र-स्फुरदही बाहेर जातं. मात्र दोन्ही शून्यावर आणायचा हट्ट धरू नये. तसं केलं तर कधीकधी डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी थर येतो, तो शेवाळापेक्षा चिवट. चार महिन्यांत आमचे खडक दिसू लागले.

आता आमच्या विषयाकडे येतो. 'उपद्रवी' हा शेवाळाचा गुण नव्हे. तोच जीव गॉसकडे फुप्फुस, अ‍ॅडींकडे नोकर, आमच्याकडे शत्रू. उपद्रव हा पदार्थ नसून संबंध आहे. आणि संबंध बिघडला असेल तर दोन्ही टोकं तपासावी लागतात; आम्ही एकच तपासत होतो.

पाषाण तलावावर जाऊन बघा. रामनदीतून सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, महापालिका ती काढते, आणि ती पुन्हा येते. जलपर्णी काढायला हवीच. ती काढताना थोडं अन्नही बाहेर जातं. पण वरून येणारा ओघ तसाच राहिला, तर ते आमच्या ब्रशनं घासण्यासारखंच. फरक एवढाच की आमच्या टाकीत दोन मासे होते.

उरलेला एक अजून आहे. नातू व्हिडिओ कॉलवर आधी त्यालाच बघतो, मग आम्हाला. चला, आता प्रश्न घेऊ.