कप उलटा करून वाचताना



मागे सुंठेच्या चहाबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर मंदिरात दोघींनी मला गाठलं. प्रश्न एकच. "वहिनी, तुमच्या फडताळात देशोदेशीचे कप आहेत म्हणे, मग त्या बोन चायनाचं काय करता? त्यात खरंच हाडं असतात का?" प्रश्न सरळ आहे. पण उत्तर पुरतं कळायचं असेल तर अडीच-तीनशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून आज थोडा इतिहास.

आधी माझ्या फडताळाचा हिशोब. बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे वही आहेच. नग किती, कुठून आला, कुणी दिला, किंमत काय, सगळं त्यात लिहिलेलं. आजवर त्रेचाळीस नोंदी. त्यात तुर्कस्तानचे कमरेत बारीक असलेले काचेचे छोटे पेले आहेत, त्यातला चहा माणकासारखा लाल दिसतो. रशियाचं धातूचं 'पोदस्ताकानिक' आहे, म्हणजे काचेचा गरम पेला धरायची दांडीवाली बैठक. तिकडे आगगाडीत अजून त्यातूनच चहा देतात. चीनचं झाकण, वाटी आणि बशी असं त्रिकूट आहे, त्याला 'गायवान' म्हणतात. आपल्या उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे निळ्या फुलांचे जाड मग आहेत. रोजचा चहा मात्र आम्ही दोघंही स्टीलच्या पेल्यात घेतो, ह्यांना कपात गार होतो असं वाटतं.

आता चिनी मातीकडे वळू. आपण सहज 'चिनी माती' म्हणतो ते नाव अगदी बरोबर आहे. चीनच्या जिआंगशी प्रांतात जिंगदेझेन नावाचं गाव आहे, शतकानुशतकं भांड्यांचंच गाव. त्याच्याजवळ गावलिंग नावाची टेकडी. तिथल्या पांढऱ्या मातीला त्या जागेवरून 'केओलिन' म्हणू लागले. ही माती आणि एका खास दगडाची पूड मिसळून, सुमारे तेराशे अंशांच्या आचेवर भाजली की काचेसारखं टणक, पांढरं भांडं होतं. त्यात माती आणि दगड, दुसरं काही नाही. चीननं हे कसब कितीतरी शतकं आपल्याकडेच ठेवलं.

चहा युरोपात गेला तो ह्याच भांड्यांच्या सोबतीनं, आणि त्यामागे जहाजाचं गणित आहे. चहा हलका, वर त्याला पाण्याचं वावडं. चिनी भांडी जड, ओली झाली तरी बिघडत नाहीत. म्हणून जहाजाच्या तळाशी भांड्यांची पेटारी लावायची आणि त्यावर चहा रचायचा. जहाज डोलत नाही, चहा कोरडा राहतो, आणि तळाचं वजनही बाजारात विकलं जातं. वजनाचे दगड भरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा सौदा. डच कंपनीचं 'खेल्डरमाल्सन' नावाचं असंच एक जहाज जानेवारी १७५२ मध्ये बुडालं. १९८५ साली ते समुद्रतळाशी सापडलं, तेव्हा त्यातून सुमारे दीड लाख नग भांडी निघाली, बरीचशी धड. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. चहा त्या जहाजावरचा खरा मोलाचा माल होता, पण तो गेला आणि तळातली कपबशी उरली.

तेव्हाच्या कपांना कान नव्हते बरं का. चिनी वाटी दोन बोटांत धरायची. कान जोडले ते युरोपातल्या लोकांनी. आणि आपल्या सासूबाई बशीत ओतून फुर्रकन चहा प्यायच्या म्हणून ज्या सुना नाक मुरडतात, त्यांच्यासाठी: अठराव्या शतकात इंग्रज मंडळीही बशीत ओतून पीत.

युरोपात ह्या भांड्यांचं इतकं वेड होतं की सॅक्सनीचा शासक ऑगस्टस ह्यानं १७१७ साली प्रशियाच्या राजाला सहाशे घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात दीडशेच्या आसपास चिनी भांडी घेतली. माणसं देऊन सुरया! ह्याच राजानं बॉटगर नावाच्या किमयागाराला सोनं करून दे म्हणून कोंडून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पण १७०८ च्या सुमारास चिनी मातीचं गुपित हाती लागलं. १७१० मध्ये माइसन इथे कारखाना निघाला. तीही माती-दगडाचीच भांडी, हाड नाही.

हाड आलं इंग्लंडात. ते का आलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते ना चवीसाठी आलं ना औषधासाठी. ते आलं बाजारासाठी.

इंग्रजांना चहा हवा होता, कप हवे होते, पण योग्य माती बरीच वर्षं सापडत नव्हती. कॉर्नवॉलमध्ये केओलिन सापडल्यावर विल्यम कुकवर्दीनं १७६८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे इतरांची वाट अडली. त्याच्याही आधी, १७४० च्या दशकात, लंडनच्या पूर्वेला बो इथल्या कारखान्यात थॉमस फ्राय ह्यानं मातीत हाडांची राख मिसळून पाहिली होती. लंडनच्या कत्तलखान्यांत हाडांना तोटा नव्हता, टाकाऊ माल स्वस्तात मिळे. मग १७८४ साली ब्रिटिश सरकारनं चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून थेट साडेबारा टक्क्यांवर आणला. कर उतरला, खप वाढला, घरोघरी कप लागू लागले. त्यात १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं चीनहून घाऊक भांडी आणणं थांबवलं. मागणी वाढलेली आणि पुरवठा बंद! ह्याच दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडनं हाडांच्या राखेचं प्रमाण पक्कं बसवलं. निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन आणि दगडाची पूड. नाव पडलं बोन चायना.

म्हणजे 'खरंच हाडं असतात का' ह्याचं उत्तर, हो, परंपरेनं वजनात निम्मी. आणि तीही गाईबैलांची, कारण त्यांच्या हाडांत लोह कमी असतं आणि भांडं पांढरंशुभ्र निघतं. आधी त्यांतलं सरस आणि चरबी काढून घेतात (औषधाच्या कॅप्सूलवरचं जिलेटिन ज्या जातीचं, तेच हे सरस), मग हजारेक अंशांवर भाजतात, मग पाण्यात दळतात. राहतं ते कॅल्शियमचं फॉस्फेट. त्यामुळे कप कागदासारखा पातळ करता येतो, तरी मजबूत राहतो.

मुलगा बर्मिंगहॅमला असताना आम्ही डिसेंबरात तिकडे गेलो होतो. तिथून स्टोक जवळच. ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम पाहिलं. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या, आत उभं राहून वर पाहिलं की आभाळाचा एक गोल दिसतो. एके काळी त्या गावात अशा दोन हजारांहून जास्त भट्ट्या होत्या, आता पन्नासही उरल्या नाहीत. तिथल्याच एट्रुरिया भागात कालव्याच्या काठी १८५७ साली बांधलेली एक गिरणी अजून उभी आहे. आपल्याकडे पिठाची गिरणी असते, तशी ती हाडं आणि गारगोटी दळायची गिरणी. गिरणीच्या नावातच हाड आहे, तिकडे कुणी काही लपवलेलं नाही. लपवाछपवी झालीच असेल तर ती आपल्याकडच्या दुकानात, जिथे एकानं मला छातीठोक सांगितलं होतं, "मॅडम, बोन म्हणजे नुसतं नाव आहे, क्वालिटीचं." (आणि गंमत ऐका. डिसेंबरात तिकडे चारच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे त्यांचा तो प्रसिद्ध चार वाजताचा चहा आपल्या रात्रीभोजन त्यागात बसतच नाही! मी अडीचलाच आधण ठेवत असे.)

आता वादाचा मुद्दा. आमच्या भिशीत एक शिकलेली मैत्रीण म्हणते, हजार अंशांवर भाजल्यावर हाड कुठे राहिलं, ते तर खनिज झालं. रसायनशास्त्र म्हणून तिचं बरोबर आहे. पण मी शास्त्रापेक्षा हिशोबाकडे बघते. कत्तलखान्याच्या जमाखर्चात मांस, कातडं, सरस, हाडं, सगळ्याची जमा धरलेली असते. हाडांना गिऱ्हाईक आहे म्हणून त्या धंद्याला तेवढा आधार. मी कप घेतला की त्या जमेच्या बाजूला माझे पैसे गेले. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, ही तिन्ही आपण पाठ म्हणतो. इथे तिसरं तर सरळच लागू होतं.

सोवळ्याचा मुद्दा मी ह्यात मिसळत नाही. कपबशीवरून महाराष्ट्रात पूर्वी वेगळीच भांडणं झाली आहेत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी बोलावलेल्या सभेला टिळक, रानडे अशी मोठी मंडळी गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि नंतर नावं छापून आल्यावर प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. तिथे प्रश्न होता चहा कुणाच्या हातचा. आपला प्रश्न आहे तो कप कुणाच्या जिवावर झाला. ह्या दोन गोष्टी एक नाहीत, आणि पहिलीची मला कधीच फिकीर वाटली नाही.

पण वहीतली एकोणिसावी नोंद बोन चायनाचीच आहे. गुलाबी गुलाबाचे सहा कप, सहा बशा, सोनेरी कड. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेस्टरहून वन्सं घेऊन आल्या होत्या. मांडीवर खोकं धरून विमानात बसल्या होत्या, एकही कान तुटला नव्हता. कप उलटा करताच मला अक्षरं दिसली. वन्संना ती ठाऊक नव्हती. त्या लेस्टरच्या जैन मंदिरात नेमानं जाणाऱ्या, कांदा-लसूण न खाणाऱ्या. मी काही बोलले नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "वहिनी, कप काढले नाहीस?" मी म्हटलं, "जपून ठेवलेत." ते खरंच होतं. वन्संना जाऊन आता सहा वर्षं झाली.

सूनबाई म्हणतात, विकून पांजरपोळाला पैसे द्या. विचार चांगला आहे, पण विकले म्हणजे दुसरं कुणी त्यातून पिणार, आणि वन्संची आठवण जुन्या बाजारात जाणार. मला ते जमलेलं नाही. स्वयंपाकघरात ते नाहीत, चौका लावतो तेव्हा तर त्या खोलीचं दारही बंद असतं. वरच्या कप्प्यात, मऊ साडीत गुंडाळलेले आहेत. कुणाला ह्यात मोह दिसेल. दिसू दे.

तुम्हाला विकत घ्यायचे असतील तर एवढं बघा. कप उलटा करा, बहुतेक खाली इंग्रजीत बोन चायना असं छापलेलं असतं. छाप नसेल तर रंग बघा: हाडांचा कप दुधाच्या सायीसारखा उबदार पांढरा, साधं पोर्सेलिन किंचित निळसर-करडं. उजेडासमोर बोटाची सावली दिसते ही खूण एकटी पुरत नाही, कारण चांगलं पातळ पोर्सेलिनही अर्धपारदर्शक असतं. हल्ली काही कारखाने हाडांऐवजी खनिजापासून केलेलं फॉस्फेट वापरतात, पण तसं त्यांनी लिहून दिलं तरच धरा, दुकानदाराच्या तोंडावर नको. राजस्थानातही बोन चायनाचे कारखाने आहेत, तेव्हा 'आपल्या देशातला माल' एवढ्यावर समाधान मानू नका. काच, स्टील, पितळ, खुर्ज्याचे जाड मग, ह्यांत अडचण नाही.

नातीला तुर्की पेल्यातून गवती चहाचं पाणी आवडतं. साडेपाच होत आलेत, दिवस मावळायला अजून तासभर आहे, ती दोनदा हाक मारून गेली.