नवा मोबाईल संगणकात दिसत नाही? आधी केबल बदलून बघा

पिकाच्या नुकसानीचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, प्रिंट काढायची संगणकावरून. केबल लावली की फोन चार्ज होतो, पण संगणकात काही दिसत नाही. फोन बिघडला म्हणून लगेच रिसेट मारू नका, सगळे फोटो उडतील.

बऱ्याच वेळा दोष केबलचाच निघतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात, दोन करंटच्या अन् दोन डेटाच्या. बाजारातल्या काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. असल्या केबलपायी माझा अख्खा अर्धा दिवस गेला. फोनच्या खोक्यातली केबल असेल तर तीच लावा.

मग फोनचं लॉक उघडा. अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर फक्त चार्जिंगवरच राहतो, हे फोन विकताना कुणी सांगत नाही. वरची पट्टी खाली ओढा, यूएसबीची सूचना दिसेल, तिच्यावर दाबून 'फाईल ट्रान्सफर' निवडा.

तरी दिसेना, तर केबल संगणकाच्या मागच्या बाजूला लावा. शेतात वापरलेल्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात धूळ, खिशातला कापूस बसतो. फोन बंद करून लाकडी काडीनं अलगद काढा. सुई घालू नका.