दूरचा श्रोता बोलता कसा होतो?

मंडळी, ऑनलाइन वर्गात मुलं कॅमेरा बंद करून बसतात, ही तक्रार आपण 2020 पासून ऐकतो आहोत. उपाय म्हणून खेळ, प्रश्नमंजूषा, पडद्यावर उडणारे बदाम सुचवले जातात. असू देत, त्यांनी कुणाचं वाईट होत नाही. पण समोर नसलेल्या माणसाला गुंतवायचं कसं, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्या पुण्यातच सापडतं.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे 1941 पासून शेतकरी शेजाऱ्यांच्या घरी जमून रेडिओ ऐकत, मग चर्चा करत आणि आपली मतं लिहून पाठवत. युनेस्कोच्या मदतीने हाच प्रयोग 1956 साली पुणे आकाशवाणीने केला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोन. गावात वीसेक माणसांचं मंडळ, त्यात निरक्षरही असायचे. रेडिओ बंद झाला की खरं काम सुरू! ऐकलेल्यावर बोलायचं, शंका निघाल्या की निमंत्रकाने त्या लिहून पुण्याला धाडायच्या. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळे. आपल्या गावाचा प्रश्न रेडिओवर, म्हणजे बघा!

पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे याची तपासणी केली. मंडळं असलेली गावं आणि नसलेली गावं, दोन्हीकडे आधी आणि नंतर माणसांना प्रश्न विचारले. नसलेल्यांपैकी काही गावांत रेडिओ होता, तरी तिथे ज्ञानात पडलेली भर नगण्य. मंडळांच्या गावांत मात्र ती ठळक दिसली. आता, कार्यक्रम तोच, आवाज तोच. मग फरक कशाने पडला? आम्हाला वाटतं, ऐकल्यावर शेजाऱ्याशी बोलायला मिळालं आणि पुण्याहून उत्तर येईल अशी खात्री होती, म्हणून. करमणुकीचा त्यात वाटा असेलही, पण दुय्यम.

आपल्या वर्गांत काय होतं? साठ जणांना एकाच वेळी ‘काही शंका?’ असं विचारतो, तीन सेकंद थांबतो आणि पुढे जातो. त्याऐवजी पाच-पाच जणांच्या खोल्या करून दहा मिनिटं द्यावीत, प्रत्येक खोलीकडून एकच प्रश्न लेखी मागवावा. आणि पुढचा तास त्याच प्रश्नांच्या उत्तरांनी सुरू करावा, विचारणाऱ्यांची नावं घेऊन.