साडीवरचा शर्ट

नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या शेतात डोकावलं, तर वेचणीला आलेल्या बायांच्या अंगावर साडीवरून चढवलेला फुलबाह्यांचा पुरुषी शर्ट हमखास दिसतो. घरातल्या कुणाचा तरी जुना झालेला, कॉलर विरलेली, पण मनगटाची गुंडी न चुकता लावलेली. त्या गुंडीला अर्थ आहे. उमललेल्या बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी असतात, आणि दिवसभर झाडात हात घालून कापूस ओढायचा म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत ओरखड्यांची जाळी उठते. शिवाय ऊन, धूळ, पानांवर राहिलेला फवारणीचा अंश. या शर्टाला वेगळं नाव नाही, त्याची जाहिरात कधी झाली नाही, आणि वेशभूषेवरच्या पुस्तकांत नऊवारीला जेवढी पानं मिळतात त्यातली एक ओळही त्याच्या वाट्याला येत नाही. पण कामाच्या धोक्यासाठी म्हणून नेहमीच्या कपड्यावर घालायचं इतकं रुळलेलं दुसरं वस्त्र इथल्या बाईकडे नाही. दुचाकी चालवणाऱ्या बाईनं कोणतं जॅकेट घ्यावं, हा प्रश्न ऐकला की तो पुण्या-मुंबईच्या हौसेचा वाटतो. माझं म्हणणं असं की त्याचं उत्तर शोधायला या शर्टापासून निघावं लागेल.

धोका बदलला की अंगावरचा कपडा बदलतो, हे या जिल्ह्यात एका हंगामात पाहायला मिळतं. नंदुरबारची मिरची बाजारपेठ महाराष्ट्रात नावाजलेली. ओली लाल मिरची विकत घेऊन ती गावाबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळवली जाते, तिथे निवडायला, उलटायला बाया असतात. मिरचीची धांस नाकाडोळ्यांत जाते म्हणून तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं असतं. इथे शर्टापेक्षा फडकं महत्त्वाचं, शेतात फडक्यापेक्षा शर्ट. उलट जिथे धोका मान्यच केला जात नाही तिथे कपडाही तयार होत नाही. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खोगीर, लगाम, रिकीब, गोंडे, झुली, असा घोड्याचा साज तिथे हवा तेवढा मिळतो. स्वाराच्या अंगावर मात्र सदरा नि डोक्याला फेटा. नऊवारीच्या कासोट्याचं आपण नेहमी कौतुक करतो, आणि ते रास्त आहे. घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसता येईल असं बायकांचं वस्त्र जगात सगळीकडे नव्हतं. पण कासोटा बसायला मदत करतो, पडताना नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर निघणाऱ्या बायकांची छायाचित्रं दरवर्षी छापून येतात. ती मलाही आवडतात, पण हेल्मेटच्या जागी फेटा आला की परंपरेचा तेवढाच अर्धा भाग उचलला जातो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके, दक्षिणेला तापीचं सपाट खोरं आणि उत्तरेला सातपुडा. जिल्ह्याचं ठाणं जवळ आलं तशी कचेऱ्या, शाळा, दवाखान्यांतली कामं वाढली आणि त्यांतल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला आली. पुढे २००५ साली आशा योजना आली. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा यांचं काम एका टेबलाशी बसून होत नाही, त्याला पाडे फिरावे लागतात, आणि एसटी प्रत्येक पाड्याला जात नाही. दरम्यान गाडीही बदलली होती. १९७२ साली कायनेटिकनं लूना आणली, १९८४ मध्ये गिअर न टाकता बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, नव्वदीत स्कूटी, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा. या गाड्यांनी बाईला किक मारण्यातून आणि साडी सावरत टाकीवरून पाय फिरवण्यातून सोडवलं. मात्र कायद्याच्या डोळ्यांसमोर अजून जुनीच बाई होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं. नियमात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. बाजारानं त्या जाळीला साडी गार्ड म्हटलं आणि नियमाचा खरा अर्थ उघडा केला. बाई म्हणजे मागे बसणारी. तिचं संरक्षण गाडीला जोडून यायचं, अंगावर नाही. राजधानी दिल्लीत तर बायकांना हेल्मेटमधून सूट होती, ती २०१४ साली काढली गेली. या सवलतीला बायकांचा मान म्हणणारे लोक होते. डोकं फुटण्याची मुभा हा कसला मान, हे त्यांनी सांगितलं नाही.

कायद्यानं बाईला मागच्या सीटवर पाहिलं, पण ती पुढे येऊन बसली होती, आणि आपल्या कपड्याची सोय तिनं स्वतः लावली. ती सोय म्हणजे सनकोट. कपड्याच्या कोणत्याही दुकानात तो हँगरला लटकलेला असतो: पातळ सुती किंवा होजिअरीचा, गुडघ्याच्या वर संपणारा, पुढे चेन, मागे टोपी. बाहीच्या टोकाला कापडाची एक जीभ सोडलेली असते, ती हँडल धरल्यावर मुठीच्या पाठीवर येते आणि बोटं काळी पडू देत नाही. त्यावर स्कार्फ, फक्त डोळे उघडे. हातमोजे, तेही सुती. ही जीभ ज्या कुणी पहिल्यांदा शिवली त्या शिंप्याला किंवा शिंपिणीला मी दाद देतो, कारण गाडी चालवणाऱ्या हाताकडे नीट पाहूनच ते सुचलं असणार. सनकोट हा वेचणीच्या शर्टाचा सरळ वंशज आहे. तीच फुलबाही, तोच नेहमीच्या कपड्याला न दुखवता वरून चढवण्याचा बेत, तेच घरी पोचल्यावर खुंटीला अडकवणं. त्यात आणखी एक काम भरलं गेलं, ते म्हणजे नजरेपासून आडोसा. स्कार्फवर एके काळी वर्तमानपत्रांतून भरपूर चेष्टा झाली, संशयही घेतला गेला. पण कोण जातंय ते न कळणं ही लहान गावात बाईच्या फिरण्याची मोठी सोय असते, हे टीकाकारांना उमगलं नाही. तेव्हा सनकोट काटा, धूळ, ऊन आणि नजर या चार गोष्टींचं उत्तर आहे. पाचवी गोष्ट, डांबर, त्याच्या हिशेबात कधी आलीच नाही.

हा हिशेब दुसरीकडेही उशिराच मांडला गेला. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन व्हॅन ब्युरन या बहिणी मोटारसायकलींवरून अमेरिका आडवी पार करत होत्या, तेव्हा वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं ते चामड्याची पुरुषी विजार घातली म्हणून. अंगाची कातडी वाचवणारा कपडा हाच गुन्हा ठरला. १९२७ मध्ये नीस शहरात नर्तकी इझाडोरा डंकनचा लांब गळपट्टा उघड्या मोटारीच्या चाकात गुंतून ती गेली. ओढणी गाठ न मारता गाडीवर बसणाऱ्या मुलीला आई जे सांगते त्याचा हा जगप्रसिद्ध दाखला. जॅकेटनं नेमकं काय करावं हे मोजायला मात्र शतकाची अखेर उजाडली. केंब्रिजला रॉडरिक वुड्स यांनी कापड फिरत्या खरखरीत पट्ट्यावर आपटून ते किती सेकंदांत फाटतं हे पाहणारी चाचणी विकसित केली, आणि २००२ च्या युरोपीय मानकात ती आली: खांदा, कोपर अशा जागी कापडानं किमान चार सेकंद टिकायचं. २०२० पासून तिथे नवं मानक आहे, त्यात जॅकेटांना एएए पासून खाली दर्जे मिळतात. आतल्या पॅडची परीक्षा वेगळी. पाच किलोचं वजन एक मीटरवरून पॅडवर टाकतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटन चालतो, दुसऱ्या पातळीच्या पॅडमधून २० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडे कायदा हेल्मेट मागतो, जॅकेट मागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्याकडे गाडी पळते कुठे? गावात तीस, फाट्याला चाळीस, चांदसैली घाटात त्याहून कमी. पण बसल्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून खांदा खाली आला की तो जमिनीला ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेगानं लागतो, मग गाडी दहानं चालली असो की साठनं. उंची वेग मोजत नाही. वळणावर पसरलेल्या खडीवर चाक सरकलं किंवा शेळी आडवी आली की कोपर आणि खांदाच पुढे होतात. घासण्याचंही तेच. ताशी चाळीसनं पडलेलं माणूस थांबेपर्यंत दीड-दोन सेकंद रस्त्यावर घासत जातं, आणि पातळ सुती कापडाचा त्यात टिकाव लागत नाही. दुसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो खरा आहे. मे महिन्यात इथे पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो; चामडं तेव्हा अंगावर घेणं म्हणजे शिक्षा. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये शिवल्या गेलेल्या चेनच्या चामडी जॅकेटाची ऐट सिनेमात शोभते, इथल्या खापर गावच्या बाजारात नाही. पण जाळीदार कापडाची जॅकेटं आता सगळीकडे मिळतात, आणि मुख्य म्हणजे इथली बाई मे महिन्यातही अंगावर दुसरा थर घालतेच. जॅकेट हा तिसरा थर नको, सनकोटाच्या जागी यावा. किमतीचा आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. सनकोट काही शेंत येतो, जॅकेट काही हजारांत, आणि आशा सेविकेच्या मानधनात तो फरक मोठा आहे. म्हणून पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते आधी आयएसआयच्या हेल्मेटला जावेत, जॅकेट पुढच्या वर्षी. पुरुष तरी कुठे जॅकेट घालतात, असंही विचारलं जाईल. घालत नाहीत, हे खरं. पण ज्या दिवशी तो घ्यायला जाईल त्या दिवशी त्याच्या मापाचं जॅकेट दुकानात टांगलेलं असेल. बाईला पुरुषी जॅकेटचा छोटा नंबर दिला जातो, म्हणजे पुन्हा तोच साडीवरचा शर्ट: खांद्याला ढगळ, छातीला नि कमरेला आवळ. शेतात ढगळ बाहीनं बिघडत नाही. गाडीवर बिघडतं, कारण बाही सैल असली की आपटण्याच्या क्षणी कोपरावरचा पॅड कोपरावरून फिरतो आणि हाड उघडं पडतं.

तेव्हा माप आधी, दर्जा मग, रंग सगळ्यात शेवटी. बायकांसाठी बेतलेलं जॅकेट मागा. पुण्यात २०११ साली सुरू झालेल्या ‘बायकर्नी’सारख्या दुचाकीस्वार बायकांच्या गटांमुळे अशी मागणी आता नवलाची राहिलेली नाही. ज्या कुर्त्यावर किंवा साडीच्या ब्लाउजवर ते रोज घालायचं आहे तेच घालून दुकानात जा. खांदा, कोपर आणि पाठ या तिन्ही जागी पॅड आहे का ते विचारा. पाठीच्या जागी पुष्कळदा नुसता फोमचा तुकडा सरकवलेला असतो. पॅडवर मानकाचा शिक्का आणि पातळीचा १ किंवा २ हा आकडा छापलेला असतो, पॅड आतल्या खिशातून काढून तो वाचा. आणि आरशासमोर उभं राहून बघू नका. दुकानाबाहेर लावलेल्या आपल्या स्कूटरवर बसा, दोन्ही हातांनी हँडल धरा, मग डावा हात तसाच ठेवून उजव्या हातानं डाव्या कोपराचा पॅड पिरगाळून पाहा. तो हलला तर जॅकेट परत द्या.