पांढरीची भिंत, सिमेंटचे कातडे : परभणीच्या जुन्या घरांचा इतिहास

१/
पाथरी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेड. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गल्लीत एक दृश्य हमखास दिसते. दर्शनी भिंत सिमेंटची, रंगवलेली. पण बाजूच्या बोळात वळले की त्याच भिंतीतून माती, गवताच्या काड्या आणि खापराचे तुकडे डोकावतात. जुन्या घरावर नवे कातडे चढवण्याच्या रीतीचा हा धागा. 🧵

२/
आरंभ मातीपासून. मराठवाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला ती निरुपयोगी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, चुना आणि पडलेल्या घरांचा ढिगारा मिसळून झालेली पांढरी माती मात्र तितकी आक्रसत नाही. म्हणून घर पांढरीचे.

३/
पुरातत्त्वज्ञ ज्यांना ‘पांढरीची टेकाडे’ म्हणतात, ती हीच प्राचीन वस्तीस्थाने. गावकरी त्यांतूनच माती आणत. त्यामुळे शंभर वर्षांच्या भिंतीत कित्येक शतकांपूर्वीचे खापर सापडू शकते. घर पडले की माती पुन्हा पांढरीत मिळे आणि तिच्यातून नवे घर उठे.

४/
भिंतीवर माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर किलचन, वर पाला किंवा गवत आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडला तरी आत गारवा राही. या सुखाची किंमत होती ती वार्षिक श्रमांची : मृगापूर्वी छतावर नवी माती, भिंतींना मातीचा गिलावा, सणाला सारवण.

५/
या चक्रात सिमेंट शिरले. १९२० च्या दशकात हैदराबाद संस्थानातच, शहाबादला, सिमेंटचे उत्पादन सुरू झाले होते. परंतु खेड्यातील मातीच्या भिंतीपर्यंत ते पोहोचले स्वातंत्र्यानंतर बऱ्याच काळाने. मजुरी महागली, लाकूड दुर्मीळ झाले, सारवणारे हात रोजगाराकडे वळले. एकदा गिलावा केला की दरवर्षीची कटकट संपेल, ही आशा स्वाभाविक होती. शिवाय ‘पक्के घर’ ही प्रतिष्ठेची खूण ठरली.

६/
अडचण पदार्थाच्या स्वभावात होती. मातीची भिंत जमिनीतून ओल शोषते आणि पृष्ठभागावाटे ती हवेत सोडते. सिमेंटचा थर हा मार्ग अडवतो. शिवाय माती ओल-उन्हाने हलते, सिमेंट हलत नाही. म्हणून गिलाव्याला बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जाते, पण बाहेर येत नाही. वरून भिंत धडधाकट दिसते आणि बुडाशी माती मऊ होत जाते.

७/
ही चूक एकट्या मराठवाड्याची नव्हे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून जुन्या लाकडी घरांवर ॲल्युमिनियमच्या आणि नंतर व्हिनाइलच्या पट्ट्या ठोकल्या गेल्या. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसने इशारा दिला : अशा आच्छादनामागे ओल आणि कूज लपून राहते. न्यू मेक्सिकोतील रांचोस दे ताओस येथील मातीच्या चर्चला १९६७ मध्ये सिमेंटचा गिलावा केला गेला. आत भिंती ओलावल्या. अखेर तो उतरवून पुन्हा मातीचा लेप दिला गेला. आजही तिथले लोक एकत्र येऊन तो लेप देतात.

८/
मात्र जुने ते सारे सुरक्षित होते, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. दरवर्षी वर टाकलेली माती छताचे वजन वाढवत गेली होती. म्हणजे परंपरेचे आच्छादनही जीवघेणे ठरू शकत होते.

९/
त्यानंतरच्या मजबुतीकरणात भर होता तो घराच्या गाभ्यावर : छतावरील जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार जाणारे बांधदगड बसवणे, लाकडी सांगाड्याला तिरके आधार देणे. तरीही भीतीपोटी अनेकांनी माळवद मोडून पत्रे घातले. छत हलके झाले. उन्हाळ्यातला गारवा गेला.

१०/
या इतिहासाचा धडा साधा आहे. घराचे आयुष्य त्याच्या कातड्यावर ठरत नाही. पाया कोरडा, छत हलके आणि सांधे घट्ट असण्यावर ठरते. ढासळलेली पांढरीची भिंत पुन्हा पांढरीत मिसळत असे. सिमेंट चढवलेली भिंत पडली की मागे राहतो तो ना मातीचा, ना दगडाचा असा राडारोडा. ज्या पांढरीने शतकांची खापरे जपली, तिच्यात आपल्या काळाची खूण म्हणून हेच सापडणार आहे.

(धागा समाप्त) #परभणी #मराठवाडा #इतिहास