तापलेल्या पेशीची हकीकत

छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या वाटेनें वैशाखांत जाऊं लागलें म्हणजे दोहों बाजूंचीं शेतें करपलेलीं दिसतात. मात्र कोठें कोठें तुतीचा हिरवा तुकडा आणि त्याच्या शेजारीं गोणपाटानें झांकलेली एखादी शेड दृष्टीस पडते. त्या गोणपाटावर दिवसांतून अनेकदां पाणी मारावें लागतें. आंत रेशमाच्या अळ्या असतात. २३ ते २८ अंश सेल्सिअस एवढ्या उष्णतेंत त्या सुखानें वाढतात. बाहेर तर पारा चाळिशीपलीकडे गेलेला असतो. पैठणनें आपलें नांव एका वस्त्रास दिलें; तेव्हां या भागांत रेशीम विणण्याची विद्या जुनीच. परंतु कोष पिकविण्याचा उद्योग त्या मानानें अलीकडचा असून जालन्याची कोषांची बाजारपेठ २०१८ सालीं सुरू झाली. एखादी बॅच हातची गेली म्हणजे ‘अळीला ऊन लागलें’ एवढेंच शेतकरी म्हणतो. हें ऊन ‘लागतें’ म्हणजे नेमकें काय होतें, याचा उलगडा कसा झाला, ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

या हकीकतीचा आरंभ रेशमाच्या अळीपासून नव्हे, तर फळमाशीच्या अळीपासून होतो. इटलींतील संशोधक फेरूचिओ रितोसा हे तिच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत असत. या ग्रंथींतील गुणसूत्रें अतिशय मोठीं असतात, व ज्या ठिकाणचें जनुक जोमानें काम करूं लागतें तेथें गुणसूत्र फुगलेलें दिसतें. रेशमाच्या अळीची रेशीमग्रंथी हीदेखील मूळची लाळग्रंथीच होय. म्हणून माशीची ही कथा आपल्या अळीस अगदींच परकी नाहीं. एके दिवशीं माशा ठेवण्याच्या पेटीची उष्णता कोणा सहकाऱ्यानें वाढविली. रितोसा पाहतात तों भलत्याच ठिकाणीं नवे फुगे आलेले! प्रयोग बिघडला असें समजून दुसऱ्या कोणीं तो टाकून दिला असता. रितोसांनीं तो मुद्दाम पुन्हां करून पाहिला. थोड्याच मिनिटांत तेच फुगे आले. इतकेंच नव्हे, तर उष्णतेऐवजीं कांहीं रसायनें दिलीं तरीहि ते आले. एका प्रतिष्ठित नियतकालिकानें हें निरीक्षण महत्त्वाचें नाहीं म्हणून लेख परत केला, असें रितोसांनींच पुढें नमूद केलें आहे. अखेर १९६२ सालीं तो ‘एक्स्पेरिएन्शिया’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

पुढील बारा वर्षें या फुग्यांचा अर्थ कोणास नीटसा लागला नाहीं. आपल्याकडेहि या विषयाकडे लक्ष गेलें होतें. १९७० सालीं मुखर्जी व सुभाषचंद्र लखोटिया यांनीं बेन्झामाइड या द्रव्यानें यांपैकीं एकच फुगा उत्पन्न होतो असें दाखविलें, आणि लखोटियांनीं पुढें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत त्या एका जनुकाचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. १९७४ सालीं कॅलिफोर्नियांतील तिसिएर, मिचेल व ट्रेसी यांनीं सिद्ध केलें कीं, उष्णता वाढतांच पेशी आपलें नेहमींचें उत्पादन आवरते घेते व कांहीं थोडीं विशिष्ट प्रथिनें झपाट्यानें बनवूं लागते. त्यांस उष्णताघात-प्रथिनें असें नांव पडलें. थोड्याच काळांत जंतु, किण्व, वनस्पति, कोंबडी व मनुष्य अशा सर्वांच्या पेशींत हाच प्रकार आढळला. जी व्यवस्था इतक्या दूरच्या आप्तांत सारखीच दिसते, ती अत्यंत प्राचीन असली पाहिजे हें उघड आहे.

हीं प्रथिनें करतात तरी काय? कोणतेंहि प्रथिन म्हणजे एक लांब धागा. तो ठराविक रीतीनें दुमडला तरच उपयोगी पडतो. उष्णतेनें घडी सैल होते, आंतला भाग उघडा पडतो, आणि सुटलेल्या लडींप्रमाणें प्रथिनें एकमेकांत गुंततात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक हें याचेंच टोंकाचें उदाहरण होय. १९८६ सालीं ह्यू पेल्हम यांनीं असें सुचविलें कीं, हीं नवीं प्रथिनें त्या उघड्या भागांस धरून गुंता सोडवितात. तें पुढें खरें ठरलें. त्यांस आम्ही रक्षक म्हणूं. धोक्याची सूचनाहि तेच देतात. एरव्हीं रक्षक एका कारभारी प्रथिनास धरून ठेवतात. बिघडलेलीं प्रथिनें वाढलीं कीं रक्षक तिकडे धांवतात, कारभारी मोकळा होतो व अधिक रक्षक बनविण्याची आज्ञा सोडतो. काम उरकलें म्हणजे रक्षक परत येऊन त्यास पुन्हां आवरतात.

या व्यवस्थेचा एक विशेष असा कीं, पेशीस आधीं सौम्य ताप सोसावा लागला असेल तर पुढचा तीव्र तापहि ती कांहीं काळ निभावते. परंतु ही सोय फुकट नाहीं. रक्षकांस शक्ति लागते, आणि तोंवर नेहमींचें काम मागें पडतें. शिवाय सर्वांची सहनशक्ति सारखी नसते. १९९५ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील जॉय व गोपीनाथन यांनीं रेशमाच्या अळ्यांच्या निरनिराळ्या जातींची या दृष्टीनें तुलना केली. वर्षांतून अनेक पिढ्या देणाऱ्या उष्ण प्रदेशांतील जाती काटक असतात, पण त्यांचें रेशीम थोडें व हलकें; दोनच पिढ्या देणाऱ्या जातींचें रेशीम सरस, पण त्या नाजूक. दोहोंचें कारण एकच असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र शेतकऱ्यास हा सौदा दरवर्षीं करावा लागतो.

मनुष्याची पेशीहि याच नियमानें बांधलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांतील एका समारंभास बसलेल्या लोकांपैकीं दहांहून अधिक माणसें उष्माघातानें दगावलीं. उन्हाची संवय होण्यास शरीरास एक-दोन आठवडे लागतात, आणि संवयीलाहि मर्यादा असते. ती ओलांडल्यावर रक्षकांचें कांहीं चालत नाहीं. ‘आमच्या लोकांना उन्हाची संवय आहे’ असें आपण सहज बोलून जातों. तें अर्धेंच खरें आहे. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसांत मजुरास सांवली, पाणी व विसांवा देणें ही दया नव्हे. तो पेशीचा नियम ओळखणें होय. अळीच्या शेडीवर आपण दिवसांतून अनेकदां पाणी मारतों; तें पाणी मारणारा माणूस मात्र त्या वेळीं बाहेर उन्हांतच उभा असतो.